पहिली रांग

“मग शेवट कसा वाटला, भाऊजी?” धाकट्या बहिणीनं भाजी वाढता वाढता विचारलं.

ती आणि तिचा नवरा रविवारचे जेवायला आले होते. आठवड्यात कुणी कोणता सिनेमा पाहिला, हा त्या चौघांचा नेहमीचा विषय. बहिणीचा नवरा मध्यंतरानंतर झोपला होता, तरी त्याचं मत सगळ्यांत ठाम. बहिणीला नायकाचा कोट आवडला नव्हता. भाऊजींनी संवादांची तारीफ केली, गाण्यांची केली, खलनायकाचा आवाज तर हुबेहूब काढून दाखवला.

“शेवट ना? झकास,” ते म्हणाले. “एकदम चिडीचूप. अंगावर काटा आला.”

“हो ना! ती दार उघडते, आणि दारात कोण? मला तर ते पटलंच नाही. तुम्हाला पटलं?”

त्यांनी टेबलावर चाचपून पाण्याचा ग्लास उचलला. “आत्ता कशाला सांगायचं? तुझ्या ताईनं पाहिला नाहीये अजून. तिची मजा जाईल.”

सगळे हसले. ताई हसली नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. अख्खा सिनेमा बघून आलेल्या माणसाला दारात कोण होतं तेवढंच माहीत नाही?

ताईचा नवरा, म्हणजे हेच भाऊजी, शाळेची बस चालवायचा. शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून दुपारी सिनेमा. पूर्वी दोघं मिळून जायची. हल्ली तो एकटाच जाई. “मारामारीचा आहे, तुला नाही आवडायचा,” हे दर वेळचं कारण. ती लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासणं हे तिचं कामच होतं. नवऱ्याच्या खिशात दर वेळी एकच तिकीट निघालं. दुसरं ती ठेवत असणार, असं तिला वाटलं. ही ‘ती’ कोण, एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं.

एकदा संशय शिरला की जिकडेतिकडे पुरावे दिसायला लागतात. तिनं केस खांद्यापर्यंत कापले, ह्याला पत्ता नाही. मोबाइलवर निरोप पाठवला की उत्तर देत नसे. फोन करून विचारी, “काय म्हणत होतीस गं?” शेजारीण तक्रार घेऊन आली, “समोरून हसले मी, तर साधी ओळख दाखवली नाही त्यांनी.” आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघेनासा झाला होता. नजर तिच्या कानावरून पलीकडे कुठंतरी. मनात चोर असलेला माणूसच अशी नजर चुकवतो.

पुढच्या शनिवारी तिनं मालकिणीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि नवऱ्याच्या मागोमाग थिएटर गाठलं.

आत अंधार झाला होता. ती शेवटच्या रांगेत खांबाआड बसली. आधी कोपरे पाहिले, मग जोड्या पाहिल्या. कुठंच नाही. शेवटी दिसला तो थेट पहिल्या रांगेत. मागं निम्मं थिएटर रिकामं, आणि हा पडद्याला नाक लावून बसलेला. मान वर, अंग पुढं झुकलेलं. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. येईलच आता, म्हणून ती त्या खुर्च्यांवर डोळा ठेवून राहिली. कुणी आलं नाही. पडद्यावर कुणीतरी न बोलताच घसरून पडलं. सगळे खो खो हसले. तो हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

मध्यंतर झालं, दिवे लागले. ती तरातरा पायऱ्या उतरली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

त्यानं मान वर केली.

“ही जागा तुमची का, बाई?” तो अदबीनं म्हणाला. “उठतो मी.”

“नाटकं पुरे झाली!” ती कडाडली. “कुठंय ती?”

तो दचकला. “अगं... तू?”

त्यानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. नजर तिच्या कानापाशी येऊन थांबली. लख्ख उजेड होता. दोघांत हातभराचं अंतर होतं. आठवडाभर तिनं मनात घोळवलेलं भांडण तिथंच विरलं. ती शेजारच्या खुर्चीत मटकन बसली.

“कधीपासून?”

“झाले बरेच महिने. कडेकडेचं दिसतं. मधोमध नुसतं धुकं. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं भागणार नाही. गाडी सोडा.”

“आणि आज सकाळी मुलं नेलीत तुम्ही!” मागं खात बसलेले लोक वळून बघू लागले. तिला पर्वा नव्हती.

“रस्ता पाठ आहे, असं स्वतःला सांगायचो.”

“रस्ता पाठ असतो. रस्त्यात धावत आलेलं पोर पाठ नसतं.”

त्यानं खिशातून बसची चावी काढली, तिचा हात शोधला आणि मुठीत दिली.

“सोमवारी शाळेत तूच दे. मी येतो बरोबर.” त्यानं मागच्या रांगांकडे हात केला. “शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली होती गं. चेहरे दिसेनात, तसतसा पुढं सरकत आलो. मनाशी ठरवलं होतं, पहिल्या रांगेतूनही चेहरा ओळखता आला नाही, की त्या दिवशी चावी सोडायची.”

“मग आज नाही आला ओळखता?”

“पडद्यावरचे जमवले कसेबसे,” तो म्हणाला. “तुझा नाही जमला.”