साक्षीदार

किल्लीवाला भलताच हट्टी होता. शेजाऱ्याने ओळख पटवल्याशिवाय तो कुणाच्याही कुलपाला हात लावत नसे, आणि दाराबाहेर अडकलेल्या बाईंची किल्ली तर पर्ससकट हरवलेली. शेवटी त्याने समोरच्या घरातल्या काकांची बेल वाजवली. कित्येक महिन्यांनी वाजलेली बेल ऐकून काका सदऱ्याची बटणं लावतच लगबगीने बाहेर आले.

"या बाई समोरच राहतात का हो?"

"म्हणजे काय! नऊ वर्षं दाराला दार आहे आमचं." काकांची कळी खुलली. "सव्वासहाला ऑफिसातून येतात. दुसऱ्या मजल्यावर दम लागतो, तिथे जरा टेकतात. रविवारी लेकीचा फोन येतो. गेल्या आठवड्यात खोकल्याने बेजार होत्या बिचाऱ्या. आता बरंय ना?"

बाई अवघडून हसल्या. किल्लीवाल्याचं समाधान झालं. त्याने दार उघडून दिलं आणि वही काढली.

"ताई, साक्षीदार म्हणून यांचं नाव काय लिहू?"

बाई गडबडल्या. मग काकांच्या दारावरची पाटी पाहून त्यांनी झटकन नाव सांगितलं.

पाटी आधीच्या भाडेकरूची होती. काकांनी त्याच नावाने सही केली.