पंखा फिरतोय

"पुन्हा तेच," नॅथॅनिएल म्हणाला आणि त्याने बटण दाबून मशीन बंद केलं.

ही पाचवी वेळ. दर वेळी काळ्या पडद्यावर तीच ओळ उमटत होती: प्रोसेसरचा पंखा सापडत नाही, पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

रूथबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. साडेतीनला टोरांटोहून धाकटा मुलगा ऍलन पडद्यावर दिसणार होता आणि तीन पन्नासला शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या होत्या. त्या लागल्या की शनिवारी अंधार पडेपर्यंत रूथबाई दिव्याच्या बटणालाही हात लावत नसत. अलिबागेत असताना तसंच होतं, इंग्लंडात मेडनहेडला येऊन चाळीस वर्षं झाली तरी तसंच.

धाकट्याचं तोंड पाहून नऊ वर्षं झाली होती. त्याने आपल्यातली, ज्यू नसलेली मुलगी केली म्हणून त्याचे वडील भडकले, आणि रूथबाई गप्प बसल्या. ते गप्प बसणं त्यांना अजून खात होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ऍलनला पत्रांवर पत्रं लिहिली. नॅथॅनिएल ती नेमाने पोस्टात टाकायचा. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग नात मायकेलाने काकाला नेटवर कुठूनसं हुडकून काढलं. आजीला फोनच्या चिमुकल्या पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून तिने सुटे भाग आणून हा कंप्युटर जोडला आणि बुधवारी केंब्रिजला परत गेली. जाताना म्हणाली होती, "आजी, तू फक्त बस. मशीन ऑन झालं की काकाला कॉल आपोआप जाईल."

काकाशी बोलून वेळ ठरवायचं काम तिच्या वडिलांनी, म्हणजे नॅथॅनिएलने, अंगावर घेतलं. "एकदाच बोलेन म्हणतोय," त्याने आईला सांगितलं. "नाही जमलं तर पुन्हा विचारू नका म्हणाला."

आज सकाळी पंखा आवाज करतो म्हणून त्याने मशीन उघडलं, आणि तेव्हापासून हे सुरू होतं.

"अरे, पंखा तर फिरतोय," रूथबाई म्हणाल्या.

"फिरतोय, पण बोर्डला कळत नाहीये ना तो फिरतोय ते."

"मग वायर चुकीच्या जागी असेल. प्रोसेसरच्या पंख्याची जागा वेगळी असते."

"आई, प्लीज. सगळं चेक केलंय मी."

स्लाऊच्या कारखान्यात बावीस वर्षं सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग केलेल्या बाईला हे 'प्लीज' झोंबलं. पण मुलगा राबत होता.

तीन वीस. त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. तीच ओळ. तीन तीस. स्क्रू सैल केले, घट्ट केले. रूथबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, परत बसल्या, पुन्हा उठल्या. तिकडे ऍलन पडद्यासमोर बसून वाट बघत असेल.

"ते एफ-वन दाब की एकदा," त्या म्हणाल्या. "तेच सांगतंय ना ते?"

"दाबलं तर प्रोसेसर जळेल. मग मायकेलाची सगळी मेहनत वाया."

तीन पंचेचाळीसला त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सॉरी, आई. मी खूप ट्राय केलं."

रूथबाईंनी मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले. प्रार्थनेचे शब्द तोंडपाठ होते म्हणून निघाले. मन भलतीकडेच होतं. हात बाजूला केले तेव्हा डोळे ओले होते.

नॅथॅनिएलने कोट चढवला. "मी सिनेगॉगला जाऊन येतो. मशीन राहू दे तसंच. आता बंदही करता येणार नाही." दारातून तो पुन्हा वळला. "हात लावू नकोस हं."

"मी कशाला लावते?"

त्याची पावलं रस्त्यावर विरली. घरात फक्त पंख्याचा आवाज राहिला. रूथबाईंनी पेटीच्या उघड्या बाजूला तळहात धरला. वारा छान लागत होता. लोखंड थंडगार होतं.

हे कसं जळेल?

शहात्तर वर्षांत त्यांनी शब्बाथ कधी मोडला नव्हता. बाळंतपणात नाही, नवऱ्याच्या आजारपणात नाही. देवाची माफी पुढच्या शुक्रवारी मागता येईल. ऍलन पुढच्या शुक्रवारी मिळणार नव्हता.

त्यांनी डोळे बारीक करून कीबोर्डची वरची ओळ चाचपली आणि एफ-वन दाबलं.

काही जळलं नाही. पडदा निळा झाला, मग उजळला. रिंग वाजू लागली. एकदा, दोनदा, सात वेळा. मग समोर ऍलन आला. दाढी पांढरी झालेली, गाल बसलेले, हातात चहाचा कप.

"ऍलन, उशीर झाला रे. मी आई."

कप त्याच्या हातातून निसटला. तो पडद्याच्या अगदी जवळ आला.

"आई? नॅथॅनिएलने मला तुझ्या कबरीचा फोटो पाठवला होता."