आकाशाची साप्ताहिक सुट्टी

आकाशातून येणारे सूक्ष्म कण टिपणारं यंत्र विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाच्या तळघरात, लिफ्टला अगदी खेटून बसवलेलं होतं. त्यावर पीएचडी करायला यंदा एकच जागा निघाली होती. मुलाखतीत विभागप्रमुखांनी मोठ्या कौतुकानं या कणांचा आलेख दाखवला. त्याच आलेखाच्या जोरावर सरांचं देशोदेशी नाव झालं होतं.

समोर बसलेली मुलगी बराच वेळ तो न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "सर, हे कण सकाळी ऑफिस भरताना आणि संध्याकाळी सुटताना गर्दी करतात. रविवारी तर एकही फिरकत नाही. रविवारी लिफ्ट बंद असते का?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. शेजारचे दोघे प्राध्यापक एकदम टेबलाकडे बघायला लागले.

घरी आईनं कपाळाला हात लावला. "जरा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? हातातोंडाशी आलेला घास घालवलास."

आठवड्याभरात फोन आला. मुलीची निवड झाली होती. आई लगेच शेजारणीकडे गेली. "खरं बोलायला मीच शिकवलंय तिला," म्हणाली.

पहिल्याच दिवशी सरांनी मुलीच्या हातात लिफ्टची किल्ली ठेवली.



"तुझी शंका रास्त होती. आता दर रविवारी यायचं आणि दिवसभर लिफ्टनं वर-खाली करायचं. म्हणजे ही शंका पुन्हा कुणाला यायला नको."