वाकड्या मानेची काठी

"आणि हे दुसरं चित्र कसलं?" वकीलबाईंनी विचारलं.

कातारी मिशीतल्या मिशीत हसला. "ते नोंदणीच्या अर्जात घालायचं नाही. ते चोरासाठी आहे."

टेबलावर दोन कागद होते. दोन्हींवर त्याने शोधून काढलेली नवी काठी होती. हातातून सोडली तरी न पडता उभी राहणारी. तळाला बशीएवढं बूड आणि त्यात शिशाचं वजन. एका कागदावर काठीची मान सरळ होती, दुसऱ्यावर मुठीखाली दोन बोटं पुढे वाकवलेली.

"समोरचा दुकानदार माझ्यावर टपून बसलाय," कातारी म्हणाला. "माझा मेहुणा त्याच्याकडे पॉलिशला आहे. जाता-येता माझ्याकडे चहा पितो. आजचा अर्ज एकदा गेला की हा वाकडा कागद त्याच्या नजरेस पाडतो. ती काठी बनवली की सोडल्या सोडल्या धाडकन आडवी! आणि वाकडी मान बाजारात दिसली की चोर कोण, हे शेंबडं पोरही सांगेल."

"करून बघितलीत? पडते नक्की?"

"बाई, तीस वर्षं लाकूड कातलंय. मान वाकली की तोल गेलाच. त्यात बघायचं काय?"

"तरी दोन्ही प्रकार नोंदवू या का? हरकत काय आहे?"

"छे! त्या ध्यानाला माझं नाव? सरळ मान, असं स्वच्छ लिहा."

बाईंनी लिहिलं. त्याने झोकात सही ठोकली.

त्याचंही चूक नव्हतं. मागे त्याने घडीचं स्टूल काढलं, तर दोन महिन्यांत तेच स्टूल समोर लागलं. वर गिऱ्हाइकं त्यालाच विचारायची, की तुम्ही समोरच्याची नक्कल करता का हो? तो घाव अजून ओला होता. ही काठी गेली असती तर पुन्हा काही नवं शोधायची उमेद त्याच्यात उरली नसती.

काठी मुळात निघाली आईसाठी. तिला वाकता येत नसे आणि काठी पडली की दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागे. आता ती रोज दुपारी त्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसायची आणि नव्या काठीची परीक्षा घ्यायची.

"उभी राहते गुणाची," आई म्हणायची, "पण अरे, मनगट भरून येतं माझं. सगळा भार मनगटावरच येतो."

"बघू गं. आधी हिची नोंदणी होऊ दे."

हे बोलणं महिन्याभरात दहा-बारा वेळा झालं. शेवटी शेवटी तो लेथ बंद न करताच मान डोलवायचा.

अर्ज गेल्यावर त्याने वाकडा कागद पॉलिशच्या डब्याखाली ठेवला, अर्धा बाहेर दिसेल असा. दुपारी मेहुणा आला.

"काय भाऊजी, नवीन काय चाललंय?"

"काही नाही. जुनंच उगाळतोय." एवढं बोलून तो मुद्दाम मागच्या खोलीत लाकूड आणायला गेला आणि चांगला वेळ लावून परतला. मेहुणा चहा संपवून गेला होता. आईही पाय मोकळे करायला बाहेर पडली होती. डब्याखाली कागद नव्हता.

कातारी इतका खूश झाला की लेथ चालवता चालवता शीळ घालू लागला.

तीन आठवड्यांनी समोरच्या काचेत वाकड्या मानेच्या काठ्या लागल्या. बारा काठ्या, ओळीने उभ्या. एकही पडत नव्हती. काताऱ्याला जरा खटकलं, पण त्याने वकीलबाईंना बोलावून घेतलं आणि छाती काढून समोरच्या दुकानात शिरला.

बाईंनी एक काठी हातात घेतली, तिच्यावर भार टाकला, चार पावलं चालून पाहिलं. मग त्याला बाजूला घेतलं.

"आपण सरळ मानेवर अडून बसलो, दादा. ही आपल्या अर्जात बसत नाही. याने वाकडीसाठी वेगळा अर्जही केलाय. आणि खरं सांगू? ही भार छान पेलते."

"पण कागद माझा आहे! रेघ न् रेघ माझ्या हातची!"

"मग तो तुमच्याकडून चोरला, एवढं सिद्ध करा. त्याचा अर्ज पडलाच म्हणून समजा."

"त्यात काय अवघड? चोर घरचाच आहे!" त्याच्या अंगात पुन्हा बळ आलं. त्याने मेहुण्याला पॉलिशच्या हातांनिशी ओढत आपल्या दुकानात आणलं. वकीलबाई मागोमाग आल्या.

"बोल, कागद कधी उचललास?"

"भाऊजी, शपथ घेऊन सांगतो, मी चहा प्यायलो आणि गेलो. कागदाला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"त्याच्यावर कशाला ओरडतोस?" कोपऱ्यातून आई म्हणाली. तिच्या खुर्चीपाशी वाकड्या मानेची काठी एकटी उभी होती. "कागद मीच नेऊन दिला समोर. माझं दुखणं ऐकून तू मान वाकवलीस, ते बघून इतकं बरं वाटलं रे मला. पण तुला ती करायला सवड कुठे होती?"