शब्द नसलेलं गाणं

मंगला गेली आणि परसरामजवळ तिचा आवाज फक्त एका कॅसेटमध्ये उरला. लग्नानंतर दोघांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ती भरली होती. कुठल्याशा परदेशी वाद्यवृंदाची जुनी धून, नुसती व्हायोलिनं, शब्द एकही नाही. मंगलाला तेच आवडायचं. "याच्यात कोनी रडत नाही, कोनी कोनाले सोडून जात नाही," म्हणायची. धून भरताना मध्येच ती बोलून गेली होती, "चहा थंडा होऊन राहिला जी," आणि तेवढं त्या फितीवर राहून गेलं होतं.

फीत झिजायला लागली तसा परसराम घाबरला. लाखनीच्या एका रेकॉर्डिंगच्या दुकानात जाऊन त्याने हात जोडले. "काहीबी कर बाबू, पन हे वाचव." बायकोचा आवाज वाचवायचा आहे, हे सांगायला मात्र तो लाजला.

पुढच्या आठवड्यात दुकानदाराने पेनड्राइव्ह हाती दिला. "काकाजी, फीत एकदाच चालली अन् तिचे तुकडे झाले. पन टेन्शन घेऊ नका, गानं पुरं आलं."

त्याने हेडफोन लावून दिला. व्हायोलिनं नव्यासारखी वाजू लागली. मंगला बोलली होती ती जागा जवळ आली तसा परसरामने हेडफोन कानांवर दाबून धरला. धून तशीच पुढे वाहत गेली आणि संपली.

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा.

"आवडलं नं काकाजी?" दुकानदाराने खुशीत विचारलं आणि लगेच पुढे सांगितलं,

"मधात कोनी बाई बडबडत होती, तेवढं साफ पुसून टाकलं."