जागच्या जागी उभी

सकाळपासून कॅन्ससच्या त्या भागात सहा टॉर्नेडो उतरले होते. व्हर्नेल स्वयंपाकघरात रेडिओ आणि रडारचा पडदा मांडून बसली होती. वादळांचं वेड असलेले तिचे तीन सोबती तीन दिशांना गाड्या घेऊन गेले होते. ते दिसेल ते कळवत, आणि व्हर्नेल गावाला सावध करी. दुपारी चारला पडद्यावर एकच वादळ उरलं.

"मावशी, टॉर्नेडोची सोंड दिसली," उत्तरेकडून तिचा भाचा रॉयस बोलला. "पण बाईसाहेब हलायलाच तयार नाहीत. जागच्या जागी उभ्या!"

व्हर्नेलनं घाईनं माइक उचलला. जी सोंड डावीकडे सरकत नाही, उजवीकडेही सरकत नाही, ती थेट बघणाऱ्याच्याच अंगावर येत असते.

"मूर्खा, तुझ्याकडेच येतेय ती! गाडी वळव!"

तेवढ्यात वीस मैल दक्षिणेकडून ओपल म्हणाली, "मलाही दिसतेय गं. हलत नाहीये." मग पूर्वेकडून लॉयडनंही तेच सांगितलं. पडद्यावर ठिपका मात्र एकच होता.

"मावशी, कुठं पळू? सांग ना!" रॉयसचा आवाज चिरकला.

व्हर्नेल धावत पश्चिमेच्या खिडकीशी गेली. गव्हाच्या शेतापलीकडे काळी सोंड निश्चल उभी होती.

"मर्ल, तळघरात चल!" ती नवऱ्यावर ओरडली.

मर्ल पूर्वेच्या खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"घाबरतेस कशाला?" तो म्हणाला. "केव्हाचा बघतोय मी तिला. तसूभरही हललेली नाही."