शेवटच्या बाकावरच्या शंका

“अहो मॅडम, माझा कीबोर्ड मेला!”

शेवटच्या बाकावरून सासूबाई ओरडल्या आणि वर्गात खसखस पिकली. समोर फळ्याजवळ उभ्या असलेल्या सुनेचे कान लाल झाले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत बारा जुने कॉम्प्युटर मांडले होते. एका बंद पडलेल्या कचेरीने टाकून दिलेले. सुनेने सगळे रविवार खर्ची घालून त्यांवर लिनक्स चढवलं होतं, आणि ती धुडं तरण्याताठ्या गड्यांसारखी धावू लागली होती. फुकट मिळणारी, कुणालाही आतून उघडून बघता येणारी ही प्रणाली नवख्यांना शिकवायची, एवढंच तिच्या मनात होतं. पण गेल्या शनिवारी बाराजण आले आणि चहाच्या सुट्टीत नऊजण पसार झाले. आज सकाळीच ग्रंथपालांनी बजावलं होतं, “सुट्टीनंतर पुन्हा खोली रिकामी दिसली, तर सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो.”

आणि नेमक्या आजच सासूबाई हट्टाला पेटल्या होत्या, मीही शिकायला येते म्हणून. “वर्गात मी तुझी कोणी नाही, बरं का,” असंही त्यांनी वाटेतच जाहीर करून टाकलं होतं. आता सुनेला ते फार बरं वाटत होतं.

“कीबोर्ड ठीक आहे,” ती राग गिळून म्हणाली. “कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायच्या या काळ्या खिडकीत पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही. ठिपकेसुद्धा नाहीत. न दिसताच लिहायचा आणि एंटर दाबायचं.”

“अस्सं होय!”

हा आवाज सासूबाईंचा नव्हता, पहिल्या बाकावरच्या शिंप्याचा होता. पाच मिनिटं तो हाताची घडी घालून बसला होता, आणि ‘समजलं ना?’ या प्रश्नाला सगळ्यांबरोबर ‘हो हो’ म्हणाला होता. त्याने घाईघाईने कीबोर्ड पुढे ओढला. आणखी पाचसहा जणांची टकटक सुरू झाली. सुनेच्या ते लक्षातही आलं नाही. तिचा सगळा जीव शेवटच्या बाकाशी अडकला होता.

दहा मिनिटं गेली नाहीत तोच पुन्हा तोच हात वर.

“मॅडम, हे फुकट म्हणता, मग बनवणारे खातात काय?”

“कोणी हौसेने बनवतं, कोणी पगार घेऊन,” सून म्हणाली. “पण बनवलेलं दडवून ठेवत नाहीत. कुणीही आत बघावं, बिघडलेलं दुरुस्त करावं, आणि ती दुरुस्ती सगळ्यांना वाटावी.” हा विषय निघाला की तिला स्वतःलाच अभिमान वाटायचा, आणि मग ती पुस्तकातलं बोलायची विसरून जायची.

“म्हणजे बॉनेटला कुलूप नाही!” निवृत्त बसचालक एकदम म्हणाला.

“नाही! अगदी बरोबर बोललात!”

तिसऱ्यांदा सासूबाईंनी कमालच केली. “चुकून भलतंच बटण दाबलं, तर अख्ख्या गावाचे कॉम्प्युटर बंद पडतील का हो?” शिंपी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसत म्हणाला, “हसतोय खरा, पण मलाही हीच धास्ती होती.” बसचालकानेही मान हलवली.

चहाच्या सुट्टीत कोणी पायऱ्यांकडे फिरकलं नाही. कप हातात घेऊन सगळे एकमेकांच्या पडद्यांत डोकावत होते. शिंप्याने गिऱ्हाइकांची मापं लिहायला तक्ताही केला, आणि तो दाखवत खोलीभर मिरवला. सुट्टीनंतर बाराच्या बारा खुर्च्या भरल्या.

वर्ग सुटल्यावर ग्रंथपाल खूश होऊन आले. “खोली वर्षभर तुमची. फक्त त्या शेवटच्या बाकावरच्या बाईंना जरा आवरा. फारच ढ आहेत हो!”

“हो ना,” सून म्हणाली. दाराशी पिशवी धरून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

ग्रंथपाल गेल्यावर ती एकेक कॉम्प्युटर बंद करत मागे गेली. सासूबाईंची काळी खिडकी उघडीच होती. आतापर्यंत काय काय लिहिलं ते बघायचं असेल, तर तिथे वरचा बाण दाबावा लागतो. घोटाळा निस्तरण्याच्या तयारीने तिने तो दाबला. ओळ अचूक होती. पुन्हा दाबला. तीही अचूक. आजचा सगळा धडा तिथे होता, एकाही चुकीशिवाय. शिवाय पुढच्या शनिवारचाही होता, जो तिने अजून कुणाला शिकवलेलाच नव्हता.

ती खुर्चीत बसलीच.

“आई, हे तुम्ही लिहिलंत?”

“मग काय शिंप्याने?” सासूबाई जवळ आल्या. “माळ्यावर टाकलेला तुझा जुना लॅपटॉप मी केव्हाच चालू केलाय, तुझ्याच पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवून. तू घरी वर्गाची तालीम करायचीस, तेव्हा मी समोर स्वेटर विणत असायचे ना? कान थोडेच विणत होते!”

सुनेला अभिमान वाटला, आणि तेवढाच रागही आला. “मग असले बावळट प्रश्न कशाला विचारलेत? सगळे तुम्हाला हसत होते!”

“हसू देत. माझ्या सुनेच्या वर्गातून माणसं पळून जातात म्हणजे काय! तुला सगळं येतं गं, आणि ते तुझ्या तोंडावर दिसतं. तुझ्यापुढे कोण कबूल करणार, मला कळलं नाही म्हणून?” सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “तीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते मी. डॉक्टर सांगायचे, पेशंट नुसती मान डोलवायचा. मग मीच विचारायचे, ‘डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?’ मला ठाऊक नसायचं म्हणून होय?”